पोट एकीचं, बैठक नऊ जणांची

हिला सातवा लागला आणि आमच्या घरात प्रसूती समिती स्थापन झाली. सभासद नऊ. जिचं पोट ती निमंत्रित, मताचा अधिकार नाही.

पहिली पाहणी दवाखान्याची. काउंटरवरच्या मुलीनं गुळगुळीत कागदावर छापलेलं दरपत्रक पुढं सरकवलं. वर नॉर्मल आणि सिझर, डावीकडं जनरल, ट्विन शेअरिंग, डिलक्स, सुईट. सुईट घेतलं तर घरी जाताना केक आणि बाळाच्या पावलांचा ठसा फुकट. ‘‘ट्विन शेअरिंग नको गं बाई,’’ आत्या दचकली, ‘‘सोनोग्राफीत एकच दिसलंय.’’ मुलगी हसली नाही. तिला हे रोज ऐकावं लागत असणार. मी विचारलं, नॉर्मल होता होता सिझर करावं लागलं तर? ‘‘मग सिझरचाच रेट, सर. कळांचे वेगळे पैसे नाही घेत.’’

घरी आल्यावर बैठक. आत्याचं म्हणणं, दवाखाना हवाच कशाला? आजीला म्हणे बांधावर कळा आल्या, आणि बाळंत होऊन संध्याकाळी तिनं भाकऱ्या थापल्या. आजी सहा वेळा बाळंत झाली. बाबा आणि आत्या धरून भावंडं चारच. हा हिशेब भाकऱ्यांच्या गोष्टीत कधी येत नाही. वहिनीनं पाण्यातल्या बाळंतपणाचा व्हिडिओ दाखवला. मावशीनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, ‘‘न्हाणीघरातच व्हायचं, तर एवढे पैसे कसले?’’

तारखेवर मात्र खरी रंगत आली. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात. आजीबाईंचे नऊ महिने नऊ दिवस त्याच्यापुढं दोनच दिवस. एवढं जुळलेलं असताना गप्प बसावं की नाही? पण समितीला तारीख पंचांगातून हवी होती. ज्योतिषीकाकांनी सोमवारची अकरा वाजून सात मिनिटं काढून दिली. डॉक्टरीणबाईंची अकराला ओपीडी. त्या म्हणाल्या, करायचंच तर साडेसातला. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ! भूलतज्ज्ञ त्या वेळी तिसऱ्याच दवाखान्यात. दीड तास फोनाफोनी चालली. एकोणचाळीस आठवडे तरी भरतायत का, हे फक्त डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सिझरची गरज आहे का, हेही त्यांनी विचारलं होतं, पण तोवर चहा आला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरातल्या १४ बाळंतपणांत सिझर झालं, खासगीत ४७. म्हणजे खासगीचा जिना चढला की बाळं आडवी होतात आणि सरकारी पायरीवर निमूट डोकं खाली घालतात. सगळं खापर डॉक्टरांवर फोडायला मी मोकळा होतो, पण राहुकाळ आमचाच होता. आणि जिथं मूल खरोखरच अडलेलं असतं, त्या तालुक्याला भूलतज्ज्ञ नसतो. तिथली बाई जिल्ह्याच्या रस्त्यावर, रुग्णवाहिकेत कळा देत असते. तिला मुहूर्त कोण विचारतो?

शेवटचा विषय पेनलेसचा. आईनं तो विषयपत्रिकेवरच येऊ दिला नाही. ‘‘कळा सोसल्याशिवाय माया कशी लागायची?’’ बाबांनी मान डोलावली. गेल्याच महिन्यात दाढ काढताना त्यांनी दोन इंजेक्शनं मागून घेतली होती. अर्थात दाढेवर त्यांची माया नव्हती. विक्टोरिया राणीनं १८५३ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगला, हे मी सांगून पाहिलं. ‘‘कितव्या वेळी?’’ आईनं विचारलं. आठव्या. ‘‘मग? राणीनंसुद्धा आधी सात सोसली. हिचं तर पहिलंच आहे.’’

इतका वेळ सासूबाई कोपऱ्यात बसून लेकीचे सुजलेले पाय चेपत होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून त्या सांगलीहून न्यायला आल्या होत्या आणि चार दिवस समितीचा निकाल लागायची वाट पाहत होत्या.

रात्री हिनं दरपत्रक उलटं करून माझ्या हातात दिलं. मागं पेन्सिलनं चार ओळी. कळा सुरू झाल्यावर मला हिंडू-फिरू द्यायचं. पेनलेस हवं की नको ते मी त्या वेळी सांगेन. सिझर लागलंच तर कारण आधी मला सांगायचं, मग काउंटरला. सोबत आत – आई.

‘‘आणि मी?’’

‘‘रक्त तपासायच्या दिवशी सुई मला टोचली आणि खुर्चीवरून तू घसरलास. तू बाहेरच बस. एवढ्या सगळ्यांना चहा लागेल. बाबांचा बिनसाखरेचा.’’