आपला नुसताच बसलोय!

लग्नघरी रात्री पत्त्यांचा डाव रंगात आला की एखादा भाचा कडेला येऊन टेकतो. "मला काही येत नाही, आपला नुसताच बसलोय," म्हणतो आणि पहाटेपर्यंत सगळ्यांना नागवून उठतो. कॅरमला बसवा, तीच गत. मनातून त्याला शिव्या घालतो आपण, पण भिडू निवडताना पहिलं नाव त्याचंच घेतो.

या जातीचा शिरोमणी म्हणजे इंग्लंडचा मॅक्स वूस्नम. १८९२ साली लिव्हरपूलला जन्मला. १९११ मध्ये, शाळकरी वयात, लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध १४४ आणि नाबाद ३३. आपण जन्मभर त्या १४४ वर जेवलो असतो. हा गेला केंब्रिजला, आणि तिथे फुटबॉल, टेनिस, गोल्फ खेळत सुटला.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला फुटबॉलवाल्यांनीही बोलावलं होतं, पण स्वारी टेनिसला हो म्हणून बसलेली. मग टेनिसमध्येच पुरुष दुहेरीचं सुवर्ण आणि मिश्र दुहेरीचं रौप्य. पुढच्या वर्षी विम्बल्डनची दुहेरी. १९२२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा कप्तान! वेल्सविरुद्धचा तो एकच सामना, आणि तोही जिंकला.

मला खरी गंमत वाटते ती मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबातल्या त्याच्या दिवसांची. बाकीचे गडी खेळाच्या पगारावर चूल पेटवणारे. त्यांच्यात हा केंब्रिजचा साहेब, दमडीही न घेता खेळणारा. (नोकरी बाहेर होती म्हणून परवडायचं, हेही खरं.) अशा माणसाला ड्रेसिंगरूममध्ये कुणी उभं करू नये. पण कप्तान हाच हवा, असा आग्रह म्हणे त्या पगारी गड्यांनीच धरला. १९२२ मध्येच सिटीच्या मैदानावरच्या लाकडी कुंपणावर आदळून पाय मोडला. शहाणा माणूस काठी घेऊन बागेत बसला असता. हा पाय सांधताच पुन्हा मैदानात. शिवाय टेनिसच्या डेव्हिस कप संघाचाही कप्तान होऊन गेला.

आणि चार्ली चॅप्लिनचा किस्सा? खरा-खोटा देव जाणे, पण सांगतात खरा. अमेरिकेत त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, टेनिसमध्ये यजमानाला हरवलं. मग टेबल टेनिस. तिथे बॅट बाजूला ठेवून लोणी लावायची सुरी उचलली आणि तिनेच पुन्हा हरवलं. एवढ्यावर थांबावं की नाही? जाता जाता त्याला पोहण्याच्या तलावात ढकललं. जगाला हसवणाऱ्या माणसाला हा विनोद मुळीच आवडला नाही म्हणे.