औषधं जवळ आहेत ना?

त्या दिवशी चौथा शनिवार होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि घरात नेमकं तेवढंच कोणी ऐकून घेत नाही. कारण मी 31 वर्षं बँकेत काढली, त्यातली 9 लॉकरच्या टेबलावर. 2015च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद राहायला लागल्या, तेव्हा सोसायटीच्या जिन्यात उभं राहून सगळ्यांना ते समजावून सांगणारा मीच. आणि भाचीच्या लग्नासाठी काढलेले दागिने परत ठेवायला सकाळी साडेदहाला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बंद शटरपुढे उभा राहिलेलाही मीच. रात्री कोकणकन्येची तिकिटं होती. कुडाळला उतरून तारकर्ली, चार दिवस.

"मग राहू देत घरातच," मी म्हटलं. बायको काही बोलली नाही. आत जाऊन त्या दिवशीचा पेपर घेऊन आली आणि पान चार माझ्यापुढे धरलं.

पान चारचा मी जुना वाचक आहे. घरफोडीच्या बातमीतलं मराठी दुसरीकडे कुठेही राहत नाही. तिथे चोर कधी चोर नसतो, चोरटा असतो. आणि तो नेहमी अज्ञात असतो, जणू ओळखपत्र गळ्यात घालून येणारे चोरटे वेगळे. तो दार उघडत नाही, कडीकोयंडा उचकटतो. उचकटणे हे क्रियापद भाषेने कडीकोयंड्यासाठीच राखून ठेवलं असावं. आमच्या फ्लॅटला कोयंडा नाही, लॅच आहे. कोयंडा म्हणजे काय हे माझ्या मुलाला चित्र काढून दाखवावं लागेल. पण उद्या आमच्याकडे चोरी झालीच, तर बातमीत कोयंडा येणार आणि तो उचकटलेलाच असणार. आत गेल्यावर चोरट्याला वस्तू सापडत नाहीत, ऐवज सापडतो. जन्मभर जिला आपण मोहनमाळ म्हणतो, तिला त्याचा हात लागला की तिचा ऐवज होतो. ऐवज तो चोरत नाही, लंपास करतो, आणि मग पोबारा. सोंगट्यांच्या पटावरचं एवढं चांगलं दान, पण मराठीत ते फक्त पळून जाणाऱ्यालाच पडतं.

हे सगळं मी मिटक्या मारत वाचतो. पण शेवटच्या ओळीला दरवेळी पोटात कळ येते. कारण तिथे घरमालक असतो. 'निवृत्त बँक अधिकाऱ्याचे घर फोडले' असं छापून येणार असेल, तर चोरीचं दुःख मला निम्मंच होईल. पण साठी ओलांडलेल्या माणसाला पान चारवर एकच हुद्दा मिळतो: वृद्ध. त्यात चोरट्याने कपाट उचकटून 'किरकोळ ऐवज' नेला असं आलं, तर सोसायटीत तोंड कसं दाखवायचं? माणसाला चोरीची भीती वाटते त्याहून जास्त भीती आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही हे जाहीर होण्याची वाटत असावी. निदान मला वाटते.

"वाचून झालं?" बायकोने विचारलं.

मी तिला लॉकरचे नियम ऐकवले. म्हणजे लॉकरमध्ये काय आहे याची यादी बँकेकडे नसते. 2022च्या जानेवारीपासून आग, चोरी किंवा बँकेची हलगर्जी यांमुळे नुकसान झालं, तर वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँक जबाबदार. "आणि घरच्या माणसाच्या हलगर्जीने झालं तर?" तिने विचारलं. त्याचा नियम मला आठवेना.

दुपारी तिने मशीन काढलं आणि जुन्या अभ्र्याचा एक कसा शिवला. रुंद, पोटाच्या मापाचा, दोन्ही टोकांना नाड्या. मोहनमाळ, ठुशी, बांगड्या, कुड्या, नथ असं एकेक सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळून आत गेलं. वाजू नये म्हणून मध्ये कापूस. पाटल्या तेवढ्या राहिल्या. त्या माझ्या आईच्या. शुक्रवारच्या पूजेला घातल्या आणि निघेनात. साबण झाला, खोबरेल झालं, हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ओढून झालं. साठीच्या हातांचे सांधे ऐकत नाहीत. शेवटी तिने लांब बाह्यांचा ड्रेस घालायचं ठरवलं, आणि कसा माझ्या कमरेला बनियनच्या आत बांधला. निरगाठ. "सुरगाठ मार की," मी म्हटलं. "सुरगाठ तुम्हाला सोडता येते," ती म्हणाली.

पाटल्या सोडून 9 तोळे. जुन्या मापाने 96 गुंजांचा तोळा घ्या किंवा हल्लीच्या सराफांचा 10 ग्रॅमचा, वजन पाव किलो चहाच्या पुड्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण मी चालायला लागलो तो संस्थानिकासारखा. हमालाशी घासाघीस केली नाही. ठाण्याच्या फलाटावर गर्दीने धक्का दिला तेव्हा त्या माणसाकडे मी पाहिलं ते दयेने. एवढ्या लोकांत मीच एकटा असा, की ज्याला लुटण्यात अर्थ आहे!

चारचौघांत दागिन्यांना 'औषधं' म्हणायचं ठरलं होतं. गाडी बोगद्यात शिरली की खालच्या बर्थवरून प्रश्न यायचा, "औषधं जवळ आहेत ना?" मी पोटावर हात ठेवून म्हणायचो, "आहेत." कोकण रेल्वेवर बोगदे किती आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. रत्नागिरीच्या सुमाराला समोरच्या बर्थवरच्या बाईंनी मला जिरेगोळी दिली.

रात्रभर मी तोतया पोलिसांना द्यायच्या उत्तराची तालीम करत होतो. 'आजी, पुढे चोऱ्या होतायत, दागिने काढून रुमालात बांधा' असं म्हणून हातोहात खडे बांधून देणारे. कुडाळला उतरलो आणि मागून खाकी वर्दीतल्या एकाने हाक मारली, "काका, थांबा जरा!" मी न थांबता ओरडलो, "आमच्याकडे काहीही नाही!" तो खरा पोलीस होता. बाकावर विसरलेली माझी चष्म्याची डबी त्याच्या हातात होती.

तारकर्लीत आम्ही उतरलो त्या घरात कपाटाला कुलूप होतं, पण त्याची किल्ली न्हाणीघराच्या दारालाही लागत होती, हे मी नऊ वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर पाच मिनिटांत शोधून काढलं. म्हणजे कसा कमरेलाच. जेवताना आमचं 'औषधं आहेत ना' ऐकून घरमालकीण काळजीने म्हणाल्या, "काकांनू, औषध फ्रीजात ठेवूचा काय?"

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. मालवणच्या धक्क्यावर होडीत बसताना लाइफ जॅकेट दिलं. वर तरंगायचं जॅकेट, आत बुडायचं सोनं, मध्ये मी. 1664 साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्याचा दरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मी बायकोला म्हटलं, "लपवायचं तर असं." ती म्हणाली, "महाराजांनी दरवाजा लपवला. तुम्ही पोट पुढे काढून मिरवताय."

तिसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो.

1976 साली वडील आम्हाला अलिबागला घेऊन गेले होते. आम्ही चार भावंडं संध्याकाळपर्यंत पाण्यात होतो. आई वाळूवर बसली होती, पिशवीपाशी. पिशवीत वडिलांचं घड्याळ, पाकीट, आमचे सुके कपडे. भोवती सगळ्यांच्या चपला. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. त्याला कोणी नेमत नाही, ते आपलं बसतं. आईनंतर आमच्याकडे बायको बसायला लागली. गणपतीपुळे, दिवेआगर, कन्याकुमारी, सगळ्या फोटोंत मी आणि मुलगा ओले आहोत. ती फोटोत नाही. पिशवीपाशी बसून तिनेच ते काढलेत. एकतीस वर्षं लोकांच्या ऐवजाची राखण करण्याचा पगार घेतला मी. पण घरी हे काम कोण करतं, तिला पाण्यात जायचं असतं का, हे एकदाही विचारलं नाही. याचा आता राग येतो, आणि तो काढायला समोर दुसरं कोणी नाही.

या वेळी पिशवी माझ्याच पोटाला बांधलेली होती. बायकोने चपला काढल्या, ओढणी माझ्या मांडीवर टाकली, म्हणाली, "बसा," आणि चालायला लागली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मग बाह्या वर सरकवल्या. लाट कमरेवर आपटली तशी ती झोक जाऊन अर्धी पाण्यात बसली आणि माझं भान सुटलं. उठून उभा राहून मी जेवढा आवाज शिल्लक आहे तेवढ्याने ओरडलो, "अगं, पाटल्या! पाटल्या!"

चार दिवसांची औषधं गेली पाण्यात. शहाळेवाला वळला, सहलीला आलेली अख्खी बस वळली. तिला वाटलं फोटोसाठी हाक मारतोय. ती उठली आणि दोन्ही हात चांगले डोक्याच्या वर नेऊन हलवायला लागली. मनगटावर ऊन पडलं होतं. मालवणच्या धक्क्यावरूनही दिसलं असेल.

बाहेर आली तेव्हा ती निथळत होती. "जा आता तुम्ही," म्हणाली. मी पाठ केली. तिने निरगाठीशी बराच वेळ झटापट केली. तीन दिवसांच्या घामाने ती दगड झाली होती. बघायला मी बनियन वर केलं. सराफाच्या कागदाचा रंग उतरून पोट या कुशीपासून त्या कुशीपर्यंत गुलाबी झालं होतं, लग्नघरच्या वांग्या-बटाट्याच्या पिशवीवरच्या कुंकवासारखं. ती वाळूत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ओढणी चपलांवर टाकून म्हणाली, "चला, तसेच चला."

गेलो. एका हाताने पोट धरलेलं, दुसरा हात तिच्या हातात, तिथे पाटल्या बोचत होत्या. अर्ध्या तासाने परतलो तेव्हा ओढणी जागेवर होती. एका अज्ञात लाटेने माझी डावी चप्पल लंपास केली होती.