टेलिस्कोपिक भाड्याने कचारगड

आमच्या वहिनींनी आयुष्यात कुठलीही वस्तू छापील किमतीला घेतलेली नाही. दादाशी लग्न हा एकच व्यवहार त्यांनी घासाघीस न करता केला, आणि त्याची हळहळ त्या अजून बोलून दाखवतात. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. वहीत डावीकडे गिफ्ट कार्डांचे नंबर, उजवीकडे मुदत संपायच्या तारखा आणि समासात दादाबद्दलचे शेरे.

गिफ्ट कार्डांचा हा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. किराणा दुकानाचं हजार रुपयांचं गिफ्ट कार्ड ऑनलाइन शोधलं तर नऊशे साठला मिळतं. ते क्रेडिट कार्डाने घ्यायचं, म्हणजे वर पॉइंट पडतात. महिन्याचा पंधरा हजारांचा किराणा अशा कार्डांवर आणला की सहाशे रुपये सुटतात. ते 'सहल' नावाच्या खात्यात टाकायचे. इथवर वहिनींचं गणित बिनचूक आहे, आणि डाळ-तांदूळ आणायचेच असतील तर असे आणण्यात शहाणपण आहे हे मी मान्य करतो.

घोळ पुढे होतो. चपलांच्या दुकानाचं कार्ड पंधरा टक्के सवलतीत आलं म्हणून घरातल्या सगळ्यांना चपला झाल्या. पुतण्याचे पाय वाढताहेत, म्हणून त्याला पुढच्या वर्षीच्या मापाचा जोडही घेऊन ठेवला. एका कार्डावर सदतीस रुपये उरले. ते फुकट जाऊ नयेत म्हणून चारशेचा टॉवेल आला.

पॉइंटांची तर निराळीच कथा. वहिनींच्या कार्डावर शंभर रुपये खर्चले की एक पॉइंट पडतो आणि एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. म्हणजे हजार रुपये कमवायला चार लाख रुपये उडवायचे. ते मिळवायला अर्ज केला की बँक 'रिडेम्प्शन फी' म्हणून ९९ रुपये घेते आणि त्या ९९ वर १८ टक्के जीएसटी. आपलेच पैसे आपल्याला परत मिळाले याचा कर असतो तो.

हे वेड अमेरिकेतून आलं असं म्हणतात. तिथे १८९६ पासून वाणी सामानाबरोबर हिरवे स्टॅम्प द्यायचे, बायका ते वहीत चिकटवायच्या आणि वही भरली की दिव्याची शेड नाहीतर इस्त्री मिळायची. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तेच विमानाला लावलं आणि माणसं पॉइंटांसाठी प्रवास करू लागली. पण मला वहिनींच्या मागे अमेरिका दिसत नाही, आमची आजी दिसते. दारात बोहारीण आली की आजी दोन धोतरं आणि एक जरीची साडी पुढे टाकायची, बोहारीण एक पातेलं काढायची, आणि मग दुपारचे दोन तास दोघी एकमेकींच्या संसाराची कीव करत बसायच्या. शेवटी पातेल्यावर एक चमचा जास्तीचा सुटायचा. तो चमचा म्हणजे आजीचे रिवॉर्ड पॉइंट, आणि त्याला फी नव्हती.

तर 'सहल' खात्यातून आधी सिंगापूरला जायचं ठरलं. मग केरळ. पॉइंटांवर विमानाची तिकिटं मिळतात, पण दिवाळीत नाही, मे महिन्यात नाही, शनिवार-रविवारी नाही. मिळतात ती पहाटे तीनच्या विमानाची, आणि पाचजणांच्या कुटुंबाला दोन. वहिनी आईला म्हणाल्या, "तुम्ही आणि मी पुढे जाऊ, बाकीचे पुढच्या वर्षीच्या पॉइंटांवर येतील." आईने माळ ओढली. ती रागावली की जपाला बसते.

शेवटी हातात राहिलं प्रवासाचं एक दहा हजारांचं कार्ड, आणि त्याचीही मुदत महिनाअखेर. आणखी मोठ्या रकमेचं कार्ड का घेतलं नाही, असं मी विचारलं, तर कळलं की तशी सोयच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असं गिफ्ट कार्ड दहा हजारांच्या वर देता येत नाही, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. मला तो नियम फार दयाळू वाटला.

तेव्हा दादा बोलला. दादा वर्षातून दोनदा बोलतो. त्याची नोकरीतली पहिली नेमणूक आमगावला होती. पुण्याच्या माणसाला गोंदिया जिल्ह्यात पाठवतात तेव्हा कचेरीत त्याला नारळ आणि सहानुभूती देतात. दादा तिथून परत यायला तयार नव्हता. तो म्हणाला, "माघी पौर्णिमा आहे. कचारगडच्या गुहेपाशी गोंडांची जत्रा भरते, तिकडे जाऊ. महाराष्ट्र एक्सप्रेसने."

ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर करत गोंदियाला टेकते. महाराष्ट्र किती मोठा आहे हे नकाशात कळत नाही, या गाडीत कळतं. रात्री पुण्यात चढायचं, दुसरा अख्खा दिवस खिडकीतून कापूस बघायचा, आणि अंधार पडतो तेव्हा कुठे भाताचा मुलूख लागतो. वहिनी सिंगापूरच्या दुःखात होत्या. पण त्यांना कुणीतरी सांगितलं की रेल्वेचं भाडं टेलिस्कोपिक असतं, म्हणजे अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी पडत जातं. त्याबरोबर त्यांची कळी खुलली. नागपूर सुटल्यावर मला डुलकी लागली होती. त्यांनी हलवून उठवलं. "भाऊजी, झोपताय काय? तुमसर गेलं. आता सगळ्यात स्वस्त किलोमीटर चाललेत!"

गोंदियात हॉटेलवाल्यापुढे वहिनींनी हॉटेलच्या व्हाउचरचा छापील कागद ठेवला. त्याने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि आदराने परत दिला. मग वहिनींनी तोंडी व्यवहार सुरू केला. "पाचजण आहोत. म्हातारं माणूस आहे. एसी लावणार नाही." दोनशे रुपये कमी झाले. वर्षभर जी टक्केवारी त्या पडद्यावर शोधत होत्या ती तीन वाक्यांत मिळाली, आणि ओटीपीही लागला नाही.

सकाळी दरेकसाची गाडी धरायची होती. मुंबई-हावडा मार्गावर गोंदियाच्या पूर्वेला गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढे बोगदा आणि छत्तीसगड. तिकीट चहाच्या भावात. पण मोबाइलच्या तिकिटाचं जे वॉलेट आहे त्यात पैसे भरले की तीन टक्के बोनस मिळतो, हे वहिनींच्या वहीत होतं. अडचण अशी की मोबाइलवरचं ते तिकीट स्टेशनच्या आवारात काढता येत नाही. फुकट्यांनी टीसी दिसल्यावर तिकीट काढू नये म्हणून रेल्वेने तशी कुंपणरेषा आखली आहे. सबब वहिनी स्टेशनात आल्या होत्या त्या पुन्हा बाहेर गेल्या, रिक्षातळ ओलांडला, पोहेवाल्याच्या गाडीपाशी फोन उंच धरून उभ्या राहिल्या. तोवर दादाने खिडकीवर पाच तिकिटं काढली. वहिनी पाच तिकिटं घेऊन धापा टाकत आल्या. त्या दिवशी आमच्या कुटुंबाने रेल्वेला दोनदा भाडं दिलं आणि दीड रुपयाचा बोनस मिळवला.

दरेकसाला उतरलो आणि आम्ही कुणीच राहिलो नाही. सगळा फलाट पिवळा होता. पिवळे गमछे, पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे, ढोल, डोक्यावर तांदळाची गाठोडी, काखेत पोरं. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा असे कुठून कुठून आलेले गोंड लोक. समोरून येणारा प्रत्येकजण "जय सेवा" म्हणत होता. आई पहिल्या पाच मिनिटांत "जय सेवा" म्हणू लागली. वारीत 'माउली' म्हणायची सवय असलेल्या माणसाला जड जात नाही.

धनेगावला जाणाऱ्या जीपमध्ये वहिनींनी फोन काढला. जीपवाला म्हणाला, "नेटवर्क नाही राहत ना जी इकडे. चिल्लर द्या." वहिनींकडे त्या क्षणी वेगवेगळ्या दुकानांची मिळून अकरा हजारांची संपत्ती होती आणि रोख तीस रुपये. आईने कमरेची पिशवी सोडली. तीत दहा-दहाच्या नोटांची पुरचुंडी होती, नव्या कोऱ्या, देवापुढे टाकण्यासाठी जमवलेल्या. तिथून पुढचा सगळा दौरा आईच्या भांडवलावर झाला. आईने व्याज लावलं नाही, पण दर वेळी पिशवी सोडताना वहिनींकडे बघितलं.

धनेगावपासून डोंगर चढायचा. पायऱ्या, दगड, झाडी, आणि माणसांची न तुटणारी रांग. आमच्या पाचजणांच्या पायात त्या सवलतीतल्या चपला होत्या. पुतण्याच्या चपला पुढच्या वर्षीच्या मापाच्या असल्याने त्या उतारावर त्याच्याआधी खाली पोचत होत्या. आमच्या पुढे एक आजीबाई अनवाणी चालल्या होत्या, डोक्यावर सरपण, आणि वर पोचल्या तेव्हा त्यांना दम लागला नव्हता. बोलत होत्या मात्र अखंड.

गुहा पाहिली आणि वहिनीसुद्धा वही विसरल्या. डोंगरानेच जांभई द्यावी तसं तोंड, आत हजारो माणसं मावतील एवढा अंधार, आणि वर छताला भोक, त्यातून उन्हाचा खांब खाली उतरलेला. आशियातली सगळ्यात मोठी गुहा, असं तिथला प्रत्येकजण सांगतो, आणि आत उभं राहिल्यावर वाद घालावासा वाटत नाही.

गोंडी परंपरा सांगते ती गोष्ट दादाने सांगितली. वर्षातलं दुसरं बोलणं. कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर भलीमोठी शिळा आली. रायतार जंगोला त्यांची दया आली. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने आपल्या वाद्याने त्या मुलांत असं बळ भरलं की त्यांनी शिळा ढकलली. मुलं सुटली, पण हिरासुका त्या शिळेखाली सापडला. पहांदी पारी कुपार लिंगोंनी त्या मुलांना शिकवलं आणि कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग, घालून दिला. म्हणून ही जागा. पुतण्याने विचारलं, "मुलांना कोंडलं का होतं?" आई म्हणाली, "मस्ती करत असतील." परंपराही साधारण तेच सांगते.

ही जागा गोंडांच्या स्मरणात जुनी असली, तरी आजच्या जत्रेला आकार आला तो १९८० च्या दशकात. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक मोतीरावण कंगाली. रामटेक तालुक्यात जन्मलेले, गोंडी भाषा आणि धर्मावर मोठं लेखन केलेले अभ्यासक. "नागपूरला रिझर्व्ह बँकेत होते," दादा म्हणाला. वहिनींचे कान टवकारले. "म्हणजे ते दहा हजारांच्या मर्यादेचं..."

"नाही," दादा म्हणाला. "ते बँकेतून घरी येऊन गोंडीची पुस्तकं लिहायचे. सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीच्या आधाराने वाचायचा प्रयत्न केला त्यांनी."

"मग माझ्या कार्डाच्या अटी त्यांना दाखवायला हव्या होत्या."

"२०१५ मध्ये गेले ते." यावर वहिनी खरोखर ओशाळल्या आणि त्यांनी उन्हाच्या खांबाकडे बघून हात जोडले. नोकरी सांभाळून एका माणसाने स्वतःच्या लोकांना त्यांची जागा परत दाखवून द्यावी, हा हिशेब आमच्या वहीत बसणारा नव्हता.

खाली जत्रेत पुस्तकांचे स्टॉल, कॅलेंडरं, झेंडे, गमछे, जिलेबी. शेकडो चुली पेटलेल्या. लोक तांदूळ घरून घेऊन आले होते, सरपण घेऊन आले होते, झाडाखाली झोपणार होते. वहिनी एका कुटुंबापाशी बसल्या आणि चौकशी करू लागल्या: कुठून आलात, किती दिवस, खर्च किती? बाई म्हणाल्या, भाडं तेवढं लागलं, बाकी घरचंच. वहिनींनी मनातल्या मनात दर माणशी आकडा काढला असावा, कारण त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या बाईंनी आम्हा पाचजणांना भात वाढला. पैसे विचारणं बरं दिसलं नसतं. आईने आपल्या डब्यातले बेसनाचे लाडू काढून त्यांच्या पोरांना दिले आणि व्यवहार मिटला.

निघताना बांबूच्या टोपल्या विकणारी एक म्हातारी भेटली. वहिनींच्यातली वहिनी जागी झाली. "दोन घेतल्या तर?"

"दोन घेतल्या तर दोनचे पैसे," म्हातारी म्हणाली.

वहिनींनी दोन घेतल्या. छापील किमतीलाच म्हणायच्या, फक्त छापलेली नव्हती. आईने पिशवी सोडली.

तुम्हीही जा. माघी पौर्णिमेच्या आगेमागे जा, गोंदियाहून दरेकसाची सकाळची गाडी धरा, पाणी बरोबर ठेवा आणि पायात मापाच्या चपला घाला. गुहेत लोक पूजेला आलेले असतात, तेव्हा सेल्फीची काठी हॉटेलात राहू द्या. जाताना दहा-वीसच्या नोटा न्या. पाचशेची नोट पुढे केलीत तर म्हातारी ती उजेडात धरून निरखून बघेल, चांगली आहे म्हणेल आणि परत देईल.