शुक्रवारचं पापलेट

राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्सेनंतर मरोळ नाक्याला मेट्रोत चढलं की कुणीतरी भला माणूस हमखास सांगतो, "काका, कपाळाला काहीतरी लागलंय." राखेची ती खूण पुसून टाकावी की राहू द्यावी, हा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांतला पहिला मोह. २०२४ साली तर हा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला. घरात कॉलेजात जाणारी पोरं असलेल्यांना विचारा, त्या दिवशी उपवास जिंकला की चॉकलेट. २०२९ मध्ये हाच योग पुन्हा आहे, तयारीला लागा.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे अंधेरी-मरोळ-आंबोलीकडच्या गावठाणांतले मराठी बोलणारे कॅथलिक. हे नाव आमच्या लोकांनी घेतलं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमाराला. सरकारदरबारी आपली वेगळी ओळख असावी हा मोह तेव्हाही कुणाला आवरला नव्हता. ते असो.

नियम तसे सोपे आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पोटभर जेवण. हे बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही. मासे चालतात. आता नियम करणारे पडले रोमचे. मासळी म्हणजे गरिबाचं साधं जेवण, असं त्यांना वाटलं असणार. वर्सोव्याच्या कोळणीला पापलेटचा भाव विचारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यामुळे आमच्याकडे गुरुवारी साधी डाळ-भाजी असते आणि प्रायश्चित्ताच्या शुक्रवारी पापलेट. हळद-मीठ चोळलेलं, दोन्ही अंगांना तिरके छेद दिलेले, छेदांत बिअरच्या बाटलीतून काढलेला बॉटल मसाला दाबून भरलेला. तव्यावर टाकल्याबरोबर तो वास जिना उतरून खालच्या देशपांड्यांकडे जातो. देशपांडे साबुदाणा खिचडी, रताळ्याचा कीस आणि वऱ्याचे तांदूळ यांच्यामध्ये बसलेले असतात. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण दोन्ही मजल्यांना सारखीच लागू आहे, म्हणून कुणी कुणाला बोलत नाही.

पुढे रविवारचा हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात शेहेचाळीस. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, ते वजा केले की बरोबर चाळीस. गणितात आयुष्यभर गटांगळ्या खाल्लेल्यालाही ही वजाबाकी तोंडपाठ असते. शनिवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाने फ्रिज उघडल्याचा आवाज येतो तो त्यामुळेच.

मत्तयच्या शुभवर्तमानात सैतान येशूकडे येतो तो आधी भुकेच्या वाटेने. जगातली सगळी राज्यं आणि वैभव तो शेवटी दाखवतो. त्याने नस अचूक पकडली होती, पण आपल्याला राज्यं दाखवण्याची त्याला गरजच पडत नाही. हेच बघा ना, अंधेरीला सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्टिस्टांच्या जुन्या चर्चच्या पडक्या भिंती आहेत. जेझुइटांनी १५७९ साली बांधलेलं हे चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडलं आणि मंडळी मरोळला गेली. १९७३ मध्ये तिथे निर्यात क्षेत्र आलं, मागाहून हिरे-सोन्याचे कारखाने. वर्षातून एकदा, मे महिन्यात, आत जाऊन मिस्सा करायला मिळते. आजूबाजूला केवढ्याचा माल घडत असेल, पण भक्तांपैकी कुणालाही त्याचा मोह होत नाही. आवाक्याबाहेरच्या मोहापुढे माणूस संतच असतो.

खरी पंचाईत आवाक्यातल्या मोहांची. गावठाणांच्या तिठ्यांवर जुने क्रूस आहेत, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारलेले. रिक्षा क्रुसावरून गेली की आमच्या माणसाचा उजवा हात आपोआप कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना लागतो. डाव्या हातात फोन असतो. बोरिवलीत वाट बघणाऱ्या मेव्हण्याला तो सांगत असतो, "हो हो, जोगेश्वरी सोडलं, पोचतोच." रिक्षा अजून मरोळात सिग्नलला उभी! हात खांद्यावरून खाली येईपर्यंत खोटं बोलूनही झालेलं असतं. पापनिवेदनाला जाताना राग, हेवा, मिस्सा चुकवली हे सगळं आठवतं, पण "पोचतोच" कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. फादरही खोदून विचारत नाहीत. त्यांनाही कधीतरी घाटकोपरहून यायचं असतं.

मोहाला न बधणारी माणसं नाहीत असं नाही. आमच्या इमारतीतल्या एक आंटी भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले वीस रुपये परत करायला गुडघे धरत तीन जिने उतरल्या. लिफ्ट बंद होती. भाजीवाल्याला आठवतही नव्हतं, तो म्हणाला, "राहू द्या ना आंटी." राहू द्यायचे नव्हते म्हणून तर त्या उतरल्या होत्या. मिस्सेला त्या मागच्या बाकावर बसतात, शुक्रवारी सुक्या बोंबलाची चटणी खातात आणि उपवासाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. माझ्या मते त्यांचा उपवास खरा.

तेव्हा यंदा मटण सोडणार असाल तर अवश्य सोडा, नियमच आहे. जमलं तर पापलेटही सोडून बघा. आणि फारच जोर आला असेल तर चाळीस दिवस फोनवर, तुम्ही जिथे असाल तिथलंच स्टेशन सांगा. यात रविवारची सुट्टी धरू नका.