चाळीस मिनिटांचे लखपत

कच्छच्या पश्चिम टोकाची यात्रा एका दिवसात घडवून आणणाऱ्या मंडळींची छापील कार्यक्रमपत्रिका हा, माझ्या मते, मराठी गद्याचा एक उपेक्षित परंतु अत्यंत तेजस्वी प्रकार आहे. भुजहून पहाटे सहा वाजता प्रस्थान, मातानो मढ येथे आशापुरा देवीचे दर्शन, लखपतचा किल्ला, नारायण सरोवर, कोटेश्वर, सूर्यास्त आणि पुन्हा भुज, अशी जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरांची मजल त्या पत्रिकेत अवघ्या अर्ध्या पानावर, कोठेही दम न लागता पार पडते. आणि देवीस पंचवीस मिनिटे, किल्ल्यास चाळीस, पुराणप्रसिद्ध सरोवरास पंधरा व भोजनास पूर्ण एक तास, अशी ज्याच्या-त्याच्या योग्यतेनुसार काळाची जी वाटणी तीत केलेली असते, ती पाहून सरंजामाच्या याद्या लावणाऱ्या पेशव्यांच्या फडावरील कारकुनांनीही हात जोडले असते. सूर्यास्ताची वेळसुद्धा पत्रिकेत छापलेली होती. त्या दिवशी तंतोतंत पाळली गेलेली ती एकच वेळ, आणि ती पाळणारा गृहस्थ यात्रा-व्यवस्थेच्या नोकरीत नव्हता.

या पत्रिकेची अंमलबजावणी एका तरुणाकडे सोपविण्यात आली होती. त्याच्या गळ्यात शिट्टी, हातात हजेरीपट आणि मुखावर, जगात कोणतेही संकट शिरगणतीने टळते, असा गाढ विश्वास होता. आमच्या मंडळातील ज्येष्ठ स्त्रियांनी त्याला पहिल्याच चहाच्या वेळी 'बाळ' ही पदवी बहाल केली होती, व त्यामुळे त्याने कितीही कर्कश शिट्टी फुंकली तरी तिच्यात हुकमाचा जोर म्हणून काही उरत नव्हता. आम्हा सर्वांना नारंगी रंगाच्या टोप्या देण्यात आल्या. वाळवंटात माणूस हरवला तर तो दुरून दिसावा, असा त्यामागचा हेतू. ज्यांनी आयुष्यभर डोक्यावर काही घातले नव्हते आणि कोणाचे काही ऐकले नव्हते, अशा सद्‌गृहस्थांनीही त्या निमूटपणे धारण केल्या. फक्त एका निवृत्त मामलेदारांनी टोपी घेतल्याबद्दल पावती मागितली.

भुज सोडल्यानंतर स्थानिक मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपक हाती घेतला. हा मनुष्य मोठा रसाळ होता. हिंदी, गुजराती आणि आमच्यावरील प्रेमापोटी थोडी मराठी, अशा त्रिवेणीत तो बोलत असे. आणि त्याच्या इतिहासात कालगणनेच्या दोनच संज्ञा होत्या, 'धरतीकंपच्या पहिले' आणि 'धरतीकंपच्या बाद'. ज्या प्रदेशाने १६ जून १८१९ रोजी एक आणि २६ जानेवारी २००१ रोजी दुसरा, असे दोन महाभूकंप पाहिले, तेथे ही कालगणना जितकी स्वाभाविक, तितकीच ऐकणाऱ्याला चकविणारी असते. अमुक वाडा धरतीकंपच्या पहिलेचा, तमुक धर्मशाळा बादची, असे तो सांगे, तेव्हा मधली एकशे ब्याऐंशी वर्षे नेमकी कोणाच्या पदरात टाकावयाची, हे कळत नसे. "कोणता धरतीकंप, ते नमूद करा," असे मामलेदारसाहेबांनी दोन-तीनदा बजावले. त्यावर त्याने अत्यंत आदराने "मोठा, साहेब," असे उत्तर दिले. त्याच्या वाणीला खरा बहर आला तो 'लगान' चित्रपटाचे चित्रीकरण भुजजवळच्या कुनरिया गावी कसे झाले, हे सांगताना. ते गाव आमच्या वाटेवर नव्हते, किंबहुना उलट दिशेला राहिले होते. तरीही सर्व बसने माना वळवून, न दिसणाऱ्या त्या गावाकडे जितक्या एकाग्रतेने पाहिले, तितक्या एकाग्रतेने पुढे दिवसभरात दिसणाऱ्या कशाकडेही पाहिले नाही.

नंतर दोन्ही बाजूंना वेड्या बाभळीचे रान लागले आणि मंडळी झोपली. भुज कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आणि मढ उत्तरेस असल्यामुळे, वाटेत कोठेतरी आम्ही ती रेषा ओलांडली असली पाहिजे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांकडून ती नकाशात ठिपक्या-ठिपक्यांनी काढून घेतलेल्या भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका त्या समयी खिडकीला टोपी टेकून गाढ निद्रिस्त होत्या, आणि समशीतोष्ण कटिबंधातील त्यांचा प्रवेश कोणत्याही समारंभावाचून झाला.

मातानो मढ येथील आशापुरा ही कच्छच्या जाडेजा राजघराण्याची कुलदेवता. नवरात्रात हजारो भाविक तिच्या दर्शनास पायी येतात आणि त्यांच्या सेवेसाठी रस्त्याच्या कडेने मांडव पडतात. पंचवीस मिनिटांपैकी पंधरा चपला ठेवण्यात व शोधण्यात गेली. बाहेर येताच मार्गदर्शकाने सांगितले की, मंगळ ग्रहावर सापडलेले जॅरोसाइट नावाचे खनिज याच गावाच्या परिसरात आढळले असून, त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचे लक्ष या मातीकडे लागलेले आहे. ही वार्ता खरी आहे. परंतु शास्त्रवार्तेचे पुढे काय होईल, हे कोणत्या प्रांतातील श्रोते पुढे बसले आहेत, यावर अवलंबून असते. आमच्यातील एका काकूंनी तत्काळ विचारले, "मग इथे मंगळाची शांत करतात का हो? आमच्या भाचीचं तेवढ्यावरच अडलंय." मार्गदर्शकाने क्षणभर विचार केला आणि व्यवस्था होऊ शकेल, असे सांगितले. कच्छी माणसाच्या रक्तातील शेकडो वर्षांच्या व्यापाराचे दर्शन मला तेथे प्रथम घडले.

लखपतला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन भरात आले होते. कितीतरी वेळ सपाट, खारट, निर्मनुष्य भूमीवरून चालल्यानंतर एकाएकी समोर तटबंदी उभी राहते. आणि ती अशी तशी नव्हे, तर बुरुजांनी व दरवाजांनी युक्त अशी सुमारे सात किलोमीटर लांबीची, धडधाकट, एखाद्या राजधानीला शोभावी अशी तटबंदी. आपण दरवाजातून आत शिरतो, आणि आत काही नाही. म्हणजे अगदीच नाही असे नव्हे: काही शेकडा वस्तीचे गाव आहे, मशिदी आहेत, घौस मुहम्मद या सूफी सत्पुरुषाची काळ्या दगडातील अष्टकोनी, सूक्ष्म कोरीव कामाची समाधी आहे, परंतु एवढ्या थोरल्या कोटाच्या पोटात हे सगळे इतके विरळ पसरलेले आहे की, वऱ्हाड निघून गेल्यावरही ज्याचे खांब सोडवायला कोणी आलेले नाही, अशा मांडवात आपण उभे आहोत, असे वाटते.

एके काळी येथे कोरी खाडीतून सिंधचा व्यापार चाले, गलबते लागत, जकात वसूल होई. आणि या बंदराचे उत्पन्न रोजचे एक लाख कोरी होते, अशी आख्यायिका आहे. कोरी म्हणजे कच्छ संस्थानाचे स्वतःचे चांदीचे नाणे. १९४८ पर्यंत ते पाडले जात असे. भुजच्या गादीवरील रावांना नजरकैदेत ठेवून राज्याचा कारभार हाती घेणारा जमादार फतेह मुहम्मद याने १८०१ साली हा सध्याचा कोट उभारला. बंदोबस्त चोख झाला. पुढे १८१३ साली जमादार वारला, आणि त्यातच त्याचे सुदैव म्हणावयाचे. कारण सहा वर्षांनी भूकंप झाला, आणि उत्तरेकडच्या रणात किमान ऐंशी किलोमीटर लांबीचा व काही ठिकाणी वीस फूट उंचीचा एक उंचवटा जमिनीतून आपण होऊन वर आला. मनुष्याचा हात न लागता उभा राहिलेला बांध म्हणून लोकांनी त्याला 'अल्लाहबंद' म्हटले. चार्ल्स लायेलसारख्या भूशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. सिंधमधील राज्यकर्त्यांनी वरच्या अंगाला घातलेल्या बांधांमुळे आधीच कृश झालेला सिंधूचा फाटा त्यानंतर लखपतच्या वाटेला आला नाही. शत्रू आला असता तर कोटाने त्याला अडविले असते. परंतु नदीच निघून गेली, आणि निघून जाणाऱ्यास रोखण्याचे कलम जमादाराच्या आराखड्यात नव्हते.

मी तटावर चढलो. समोर खाडीचे करडे पाणी, त्यापलीकडे रण, आणि बुरुजावर सीमा सुरक्षा दलाचा एक जवान. त्या सात किलोमीटरांच्या तटावर कामाच्या नोकरीत असलेला तो एकटाच मनुष्य मला आढळला. खाली चौकात आमच्या बाळाची शिट्टी वाजत होती, नारंगी टोप्यांची शिरगणती चालली होती, हजेरीपटावर खुणा होत होत्या. आणि तो एवढा जय्यत सरंजाम व त्याच्या मध्यभागी बारा मिनिटांत सर्व काही पाहून सावली शोधीत बसलेली आमची मंडळी वरून न्याहाळताना, जमादार फतेह मुहम्मदास आपला वारस मिळाला, याविषयी माझी खात्री पटली.

खरा रंग भरला तो मामलेदारसाहेबांमुळे. आयुष्य वसुलीत घालविलेल्या त्या पुरुषाला लखपत हे स्थळ इतिहासाचे नसून आपल्या खात्याचे आहे, असे वाटू लागले होते. "जकातीची चौकी नेमकी कुठे होती?" असे त्यांनी विचारले. मार्गदर्शकाने दोन्ही हात पसरून "सगळीकडे," असे सांगितले. "कारकून किती?" "भरपूर, साहेब." साहेबांनी खिशातून वही काढली आणि रोजचे एक लाख याप्रमाणे सालिना तीन कोटी पासष्ट लाख कोरी असा हिशेब मांडला, नंतर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "उत्पन्न रोज बरोबर एक लाख? ना एक कमी, ना एक जास्त?" ते म्हणाले. "अहो, इतका गोल आकडा आला, म्हणजे दप्तर घरी बसून लिहिलेलं आहे. इथे अफरातफर झालेली आहे." दोन शतकांपूर्वीच्या त्या अज्ञात कारकुनाविषयी त्यांना इतका संताप आला की, त्यांना सावलीत नेऊन पाणी पाजावे लागले.

ती सावली गुरुद्वाऱ्याची होती. मक्केच्या वाटेवर गुरू नानकांचा मुक्काम येथे झाला, अशी श्रद्धा असून, त्यांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या लाकडी पादुका व पालखी येथे जतन केलेल्या आहेत. २००१ च्या भूकंपानंतर या वास्तूची दुरुस्ती इतक्या जाणतेपणाने करण्यात आली की, २००४ साली युनेस्कोने तिला आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-जतन पुरस्कार दिला. मातीचा गारवा, पांढऱ्या भिंती, लाकडी खांब; आणि कोणी कोठून आला हे न विचारता पुढे येणारा चहा व लंगरचा प्रसाद. पत्रिकेप्रमाणे आमचे भोजन तीस-पस्तीस किलोमीटर पुढे, एका भोजनालयात, ठराविक वेळी व ठराविक दराने व्हावयाचे होते. परंतु गरम डाळ पोटात गेल्यावर मंडळी अशी काही स्थिरावली की, शिट्टी तीन वेळा होऊनही एकही टोपी हलली नाही. एका मावशींनी तर, "बाळ, तूही बस, दोन घास खा," असे म्हणून हजेरीपटच बाजूला ठेवविला. कोणत्याही छापील वेळेशिवाय, कोणत्याही पावतीशिवाय चालणारी ती एकच व्यवस्था आम्ही त्या दिवशी पाहिली, आणि तीच सर्वांत सुरळीत चालली होती, हे मामलेदारसाहेबांनीही मान्य केले. त्यांना फक्त शिधा कोणत्या खाती पडतो, हे समजत नव्हते.

त्यामुळे नारायण सरोवराच्या वाट्याची मिनिटे आठच राहिली. मानस, पंपा, बिंदू, पुष्कर आणि नारायण या पाच पवित्र सरोवरांपैकी हे एक. समुद्र इतका जवळ असून पाणी गोड. काठची मंदिरे महाराव देशळजींच्या राणीने बांधविलेली. शिक्षिकाबाईंनी पाचही नावे धडाधड म्हणून दाखविली, तेव्हा एकाने 'एक झाले, चार राहिले, पैकी मानसला चीनचा परवाना' असा हिशेब करून पुण्याची बाकी काढली. भोजनालयात कोणाला भूक नव्हती. पैसे मात्र भरलेले होते, म्हणून सर्वजण जेवले.

कोटेश्वर तेथून हाकेच्या अंतरावर, भूमी संपते त्या टोकावर उभे आहे. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू युआन च्वांग याने सिंधूच्या मुखाजवळचे जे बंदर वर्णिले आहे ते हेच, असे काही विद्वान मानतात. सांप्रतचे देऊळ १८२० चे, म्हणजे मोठ्या धरतीकंपच्या लगेच बादचे. रावणाला तपश्चर्येने मिळालेले शिवलिंग येथे त्याच्या निष्काळजीपणामुळे खाली पडले आणि तत्क्षणी तशीच कोटी लिंगे निर्माण झाली. त्यांतून मूळचे कोणते हे न ओळखता आल्यामुळे तो भलतेच घेऊन चालता झाला. आपल्याकडे ही गोष्ट गोकर्णाच्या नावे सांगतात आणि तीत गणपती गुराख्याच्या वेषाने येऊन रावणाला फसवितो. कच्छात मात्र कोणी कोणाला फसवीत नाही. माल नीट न सांभाळणाऱ्या ग्राहकाला त्याच्या निवडीवर सोडून देतात.

ही कथा ऐकत असतानाच आणखी एका यात्रा-व्यवस्थेची बस येऊन थांबली आणि तीतून नारंगी टोप्या घातलेले साठ-सत्तर वर्षांचे मराठी स्त्री-पुरुष उतरले. पाच मिनिटांत दोन्ही समुदाय देवळाच्या पायऱ्यांवर एकजीव झाले. नाशिक व ठाणे यांच्यातील नातीगोती निघाली. लाडवांचे डबे उघडले. आमचा बाळ शिट्टी ओठांत धरून त्या गर्दीच्या मध्यभागी उभा होता, आणि रावणाची त्या प्रसंगी काय अवस्था झाली असेल, ते मला पुराणापेक्षा त्याच्या मुद्रेवरून अधिक स्पष्ट कळले. सूर्य ठरल्या वेळी बुडाला. निरभ्र रात्री येथून कराचीच्या दिव्यांची आभा दिसते, असे सांगतात, म्हणून निम्मी मंडळी अंधारात डोळे ताणून राहिली. एक उजेड दिसलाही, परंतु तो मासेमारीच्या होडीचा निघाला. बस सुटल्यावर शिरगणती पूर्ण भरली. त्यांत दोन चेहरे आमचे नव्हते, हे लखपतचा फाटा ओलांडल्यावर कळले. आणि त्या वृद्ध दांपत्याला त्याचे यत्किंचित वैषम्य वाटले नाही, कारण आमच्या बसमधील आसने, त्यांच्या मते, अधिक मऊ होती.

भुजला खिचडी-कढी वाढली जात असता प्रत्येकास अभिप्रायाचा छापील तक्ता देण्यात आला. स्थळांना दहापैकी गुण द्यावयाचे होते. देवीला दहा मिळाले, सूर्यास्ताला आठ, आणि सावली नसल्यामुळे लखपतला सहा. मामलेदारसाहेब मात्र ताट सारून बराच वेळ लिहीत होते. 'सुधारणांविषयी सूचना' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'सिंधू नदीचा प्रवाह पूर्ववत् लखपत बंदरी आणणेबाबत योग्य ती तजवीज व्हावी, व तोवर कोटाचे मुख्य दरवाजावर निदान एक प्रामाणिक कारकून नेमणेत यावा.' बाळाने तो मजकूर दोनदा वाचला, तक्त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि अदबीने म्हणाला, "वर कळवतो, काका."