मुलाधार

पत्रक माझ्या हातात पडलं ते दुधाच्या पिशव्यांबरोबर. गुळगुळीत कागद, मधोमध पद्मासनात बसलेली आकृती, आणि तिच्या पाठीच्या कण्यावर खालपासून वरपर्यंत सात रंगीत कमळं. 'दैनंदिन जीवनात चक्रसंतुलन. रविवारी सकाळी ७ ते ९, सोसायटीचा हॉल.' लोअर परळच्या छापखान्यात ३४ वर्षं मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या हाती छापील कागद आला की तो वाचत नाही, तपासतो. सगळ्यात खालच्या लाल कमळाला बाण जोडून लिहिलं होतं, 'मुलाधार'.

मु ऱ्हस्व.

खिशातलं पेन बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. मूळ शब्द मूलाधार. मूल म्हणजे झाडाचं मूळ, बुडखा. पत्रकातल्या शब्दाचा अर्थ मात्र सरळ 'मुलांचा आधार' असा होत होता. मराठीत मूल एकटं असलं की दीर्घ असतं. त्याला काहीही जोडा, लगेच ऱ्हस्व होतं. मुलाला, मुलाचा, मुलाकडे. आमचा मुलगा तेव्हा दारात वाकून बुटाची नाडी बांधत होता. घराचा हप्ता तो भरतो, विजेचं बिल त्याच्याच मोबाइलवरून जातं, आणि या शिबिराचे ३०० रुपयेही सुनेने आदल्या रात्री माझ्या नावाने भरून टाकले होते. "बाबा, तुमच्या ॲसिडिटीला बरं पडेल," ती म्हणाली. मी पेन परत खिशात ठेवलं.

रविवारी हॉलमध्ये तीसेक माणसं जमली. शिकवायला आलेल्या मॅडम जोगेश्वरी पश्चिमेच्या. आम्हा पूर्वेच्या लोकांना पश्चिमेहून आलेलं काहीही थोडं महागच वाटतं, मध्ये नुसते रेल्वेचे रूळ असले तरी. पण बाई खरंच गोड होत्या. त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांना मांडी घालायला सांगितली, आणि तिथेच निम्मं शिबिर खुर्च्यांवर गेलं. मूलाधार हे पृथ्वीतत्त्वाचं चक्र, बुडाखालची जमीन जाणवली पाहिजे, असं त्या म्हणत होत्या. आमचा हॉल पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. मला बुडाखाली सेक्रेटरींची गाडी जाणवत होती.

मग मॅडमनी सोपं करून सांगायला सुरुवात केली. समजा चर्चगेट म्हणजे मूलाधार आणि विरार म्हणजे सहस्रार. कुंडलिनी चर्चगेटहून सुटते आणि एकेक स्टेशन घेत वर जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हात वर केला. "मॅडम, फास्ट का स्लो?"

"म्हणजे?"

"फास्ट जोगेश्वरीला थांबत नाही, म्हणून विचारलं."

पुढे रंग आले. खालून वर लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. म्हणजे शाळेतलं तानापिहिनिपाजा, नुसतं उभं केलेलं. हृदयाशी हिरवं चक्र, म्हणून ज्यांची माया आटली आहे त्यांनी हिरव्या भाज्या खाव्यात. माझी बायको शेजारून कुजबुजली, "म्हणजे मेथी निवडणाऱ्याला मायाच माया." ती गेली ४० वर्षं मेथी निवडते आहे. मी गप्प राहिलो.

घरी आल्यावर जुनी सवय उसळली. छापखान्यात योगाची पुस्तकं किती तपासली असतील याची मोजदाद नाही. पोथ्यांतली चक्रं काही अशी इंद्रधनुष्यी नव्हती, एवढं आठवत होतं. हल्लीची सगळी चक्रविद्या ज्या पोथीवरून जगभर गेली तिचं नाव 'षट्चक्रनिरूपण', बंगालच्या पूर्णानंद यतींची, १५७७ ची. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर ॲव्हलॉन या टोपणनावाने तिचा इंग्रजी अनुवाद १९१९ साली 'द सर्पंट पॉवर' या ग्रंथात छापला. दिवसा खटले, रात्री कुंडलिनी. त्या पोथीत हृदयाजवळचं अनाहत चक्र हिरवं नाहीच. ते बंधूकाच्या, म्हणजे आपल्या दुपारीच्या फुलासारखं लालभडक. बेंबीशी असलेलं मणिपूर पिवळं नाही, तर पाण्याने ओथंबलेल्या ढगाच्या रंगाचं. हे मात्र मला एकदम पटलं. जुलै महिन्यात कांदाभजी खाल्ल्यावर माझ्या बेंबीशी जे काही असतं, त्याला पिवळं कोण म्हणेल? इंद्रधनुष्याचा क्रम अगदी अलीकडचा, १९७० च्या आगेमागे अमेरिकेत रुजलेला. तो तिकडून विमानाने मुंबईला आला आणि आमच्या हॉलमध्ये चिकटवला गेला. आकडाही सगळीकडे सात नाही. कुठे पाच, कुठे सहा, कुठे नऊ, कुठे बारा. प्रत्येक परंपरेने आपापल्या उपासनेच्या सोयीने शरीर आखून घेतलं.

पण खरा गळाला लागलो तो पाकळ्यांपाशी. मूलाधाराला चार पाकळ्या, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपुराला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा, आज्ञेला दोन. बेरीज पन्नास. आणि प्रत्येक पाकळीवर एकेक अक्षर! गळ्यातल्या विशुद्धावर सगळे सोळा स्वर, हृदयावर क पासून ठ, बेंबीवर ड पासून फ, त्याखाली ब ते ल, तळाशी व श ष स, आणि भुवयांच्या मध्ये ह आणि क्ष. म्हणजे माणूस हा वर्णमालेचा खिळे भरलेला उभा कंपोझ आहे. आयुष्यभर मी जी अक्षरं निरखली ती माझ्याच कण्यावर जुळवून ठेवलेली होती, आणि मला कुणी सांगितलं नाही. त्या रात्री मी अंथरुणावर पडून एकेक अक्षर जागेवर लावून पाहिलं. क हृदयात. म बेंबीखाली. अ गळ्यात. 'कमळ' जुळवायला घेतलं आणि अडलो.

ळ कुठे आहे?

पुन्हा मोजलं. दिवा लावून कागदावर मोजलं. पन्नास अक्षरं पुरी, ळ नाही. या हिशेबात ळ ला पाकळीच दिलेली नाही. संस्कृतचं त्याच्यावाचून अडत नसेल, पण मराठी माणसाचं शरीर ळ शिवाय चालतं कुठे? जळजळ, मळमळ, कळ, उमाळा, कवळी, झालंच तर तळमळ. आणि ज्या जागी मूलाधार आहे म्हणतात, बरोबर त्याच जागी मराठीत जी व्यथा होते तिचं नाव मूळव्याध. माझी एकही तक्रार पाकळीवर बसत नव्हती. मॅडमच्या संतुलनाचा मला गुण का येत नाही, याचं कारण मला व्याकरणात सापडलं. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "झोपा. नाहीतर ईनो घ्या."

आमच्या मुंबईतल्या एका डॉक्टरांनाही हा विषय असाच चावला होता. डॉ. वसंत रेळे (आडनावात ळ आहे, कृपया नोंद घ्यावी). त्यांनी १९२७ साली 'द मिस्टीरियस कुंडलिनी' हे पुस्तक लिहिलं आणि मांडलं की कुंडलिनी म्हणजे व्हेगस नर्व्ह, मेंदूपासून थेट पोटापर्यंत उतरणारा मज्जातंतू. प्रस्तावना त्याच न्यायमूर्ती वुड्रॉफ यांची, आणि तीत त्यांनी लेखकाशी आपलं जमत नसल्याचंही सभ्यपणे नोंदवलं. हल्लीच्या प्रस्तावनांत असलं काही दिसत नाही. ताणतणाव आणि व्हेगस नर्व्ह हे मोबाइलवर आज जे दिवसरात्र दिसतं, त्यातला मज्जातंतू आपल्या एका मराठी डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी हातात धरला होता. बरोबर धरला की चुकीचा, ते मी सांगू शकत नाही.

आणि 'संतुलन' हा शब्द? जुन्या मंडळींच्या लिहिण्यात मला तो काही सापडला नाही. तिथे भेद आहे, लय आहे. चक्र समतोल राखायचं नाही, फोडून पुढे जायचं. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून बसलो. गीतेत कुंडलिनीचं नावही नाही. ज्ञानेश्वरांनी आपल्या नाथपंथाची खूण म्हणून ती तिथे आणली. आणि काय आणली! ती जागी होते ती उपाशी. हृदयाजवळचं मांस खाते, तळहात-तळपाय शोधते, सातही धातू पिऊन टाकते, देहातलं पृथ्वी आणि पाणी संपवते, तेव्हा कुठे तिची भूक भागते. मग त्या योग्याचा देह नवा होतो, नवी नखं येतात, नवे दात येतात. हे वाचलं तेव्हा माझे दात मोरीवरच्या वाटीत होते. क्षणभर मोह झाला. पण नव्या दातांसाठी आधी सगळं खाऊ द्यायचं, हा व्यवहार रविवारी ७ ते ९ मध्ये बसणारा नाही. मॅडमनी त्या वाघिणीला मांजर करून आणलं होतं, आणि आमच्या वयाला मांजरच बरं.

त्यातल्या एका शब्दाने मात्र मी अजून बेचैन आहे. अनाहत. काही आपटल्याशिवाय, घासल्याशिवाय उमटलेला नाद. जोगेश्वरीत असा नाद शोधायचा कुठे? लिंक रोडवर मेट्रोचं काम, वरच्या मजल्यावर नव्या बाथरूमच्या फरशा, खाली भंगारवाल्याची हाक, समोरच्या खिडकीत कुकरच्या तीन शिट्ट्या आणि चौथीची वाट पाहणारे आम्ही सगळे. इथला प्रत्येक आवाज कशावर तरी काहीतरी आपटूनच येतो. एकदा रात्री अडीचला जाग आली. शेवटची लोकल गेलेली, पहिली सुटायची होती. मी गच्च डोळे मिटून छातीत लक्ष ठेवलं. आणि आला! बारीक, अखंड, एकसुरी, कुठून येतो ते कळू नये असा. मी हरखून उठून बसलो. स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजला हात लावला, तर त्याने एक हुंदका दिला आणि नाद बंद पडला.

गंमत म्हणजे ज्या गावात मी हे उद्योग करतो त्याचं नावच मुळी योगेश्वरी. तिची जोगेश्वरी झाली ती लोकांच्या तोंडी. ४० वर्षांत मी लेण्यात तीनदा गेलो असेन, तेही पाहुण्यांना घेऊन. गेल्या महिन्यात नातीच्या शाळेला प्रकल्प होता म्हणून चौथ्यांदा गेलो. वस्तीच्या गल्ल्यांतून वळत गेलं की अचानक जमीन खाली जाते. कातळात कोरलेल्या पायऱ्या उतरायच्या, आणि डोक्यावर घरं राहतात. सहाव्या शतकातलं हे लेणं पाशुपत शैवांचं, लकुलीशाला मानणाऱ्या योग्यांचं. ते कोरलं तेव्हा सहा चक्रांची ही व्यवस्था अजून कुणी लिहिलीही नव्हती. त्या योग्यांना आपल्याला मणिपूर आहे हे ठाऊक नसावं, आणि त्यांचं त्याशिवाय अडलेलं दिसत नाही.

आत काळोख आणि ओल. खांबांची रांग, कोपऱ्यात पाणी साचलेलं, बाहेर मुलांचं क्रिकेट. मंडपाच्या मधोमध चौकोनी गाभारा, एकटाच उभा. नात त्याच्याभोवती फिरून आली आणि म्हणाली, "आजोबा, याला चारही बाजूंनी दारं आहेत."

चौकोन, चार दारं, जमिनीच्या पोटात. मूलाधाराचं चित्रही हेच, पृथ्वीचा चौकोन आणि भोवती चार पाकळ्या. या दोहोंचा काही संबंध नाही, हे मी वरच लिहिलं आहे. तरीपण मी तिथे थंड दगडावर बराच वेळ बसलो. या खेपेला बुडाखाली कुणाची गाडी नव्हती.

परत निघालो तेव्हा पायऱ्या ओल्या होत्या. पहिल्याच पायरीवर चप्पल सरकली. दहा वर्षांची पोर दोन पायऱ्या वर उभी होती. "आजोबा, माझा हात धरा," म्हणाली आणि मी धरला. वर येईपर्यंत सोडला नाही.

परवा मॅडमचा फोन आला. पुढचं पत्रक छापायला द्यायचंय, काका, तुम्ही एकदा नजर टाकाल का? टाकली. लहान-मोठ्या २३ चुका निघाल्या. 'कुंडलीनी'चं कुंडलिनी केलं, 'विशुद्घ' मधला घ काढून ध बसवला, 'सहस्त्रार'मधला आगंतुक त उडवला. सगळ्यात खालच्या लाल कमळाजवळ आलो आणि ती एक चूक तशीच ठेवली. ३४ वर्षांत पहिल्यांदा.

शिबिर येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये. सतरंजी आपापली आणावी. खुर्च्या बाराच आहेत.