सावर्डेकरांचे चर्चदर्शन

ऐतिहासिक चर्च पाहायची म्हटली की चिपळूण तालुक्यातल्या सावर्डेकराला जुने गोवे गाठावे लागते. गोव्यातही एक सावर्डे आहे. त्यामुळे लॉजच्या वहीत गावाचे नाव लिहिताच ‘मग खोली कशाला हवी?’ असा प्रश्न येतो आणि सहलीची सुरुवात भूगोलाने होते.

जुने गोवे ही एके काळी पोर्तुगीजांची पूर्वेकडील राजधानी होती. साथींमुळे शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला. माणसे गेली, चर्च राहिली. १९८६ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बहुतेक चर्च हाकेच्या अंतरावर असल्याने सगळी अर्ध्या दिवसात उरकतात. सहल काढणाऱ्यांनी ही सोय फार पूर्वीच ओळखली आहे.

दाराशी पोचताच सावर्डेकर चपला काढतो. चर्चमध्ये पायताण घालून गेले तरी चालते हे त्याला कळते, पटत नाही. मग सवयीने हात वर जातो, घंटेसाठी. घंटा आहे, ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्धही आहे. पण ती से कॅथेड्रलच्या मनोऱ्यात, हाताच्या बरीच वर.

या कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. मनोरे दोन होते. त्यांतला एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही. कोकणातल्या माणसाला याचे कारण विचारावे लागत नाही. पडलेली पडवी ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणून ठेवलेली प्रत्येक वाडीत एक तरी असते. इथे तो उन्हाळा अजून यायचा आहे, एवढेच.

खरी चर्चा रंगते ती बॉम जीझस बॅसिलिकेसमोर. १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पवित्र विधी झालेली ही वास्तू जांभ्याची आहे. वाडीतला प्रत्येक जण जन्मतः चिऱ्याचा जाणकार असतो. त्यात घोळक्यात एखादा निवृत्त गवंडी असला की गाइडचे काम संपते. तो भिंतीवर अंगठा दाबतो, बोटाला लागलेली तांबडी भुकटी निरखतो, लेंग्याला पुसतो आणि म्हणतो, “चिरा बरा हाय, पण गिलावा काढूक नको होता.” निदान अचूक आहे. बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. खाणीतून निघताना जांभा मऊ असतो, वाऱ्यावर तो घट्ट होतो. पण वर्षानुवर्षे पाऊस थेट अंगावर घेतला की झिजतो. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून आणला होता. हे ऐकून गवंड्याचा पोर्तुगीजांविषयीचा आदर किंचित वाढतो.

आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत. त्यांचे निधन १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर झाले. पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमोने पाठवला; तो १६९८ मध्ये बसवला गेला. बाहेर हात, पाय आणि घरांच्या आकाराच्या मेणबत्त्या विकायला असतात. त्या कशासाठी, हे सांगायला गाइड तोंड उघडतो तोच बायका ‘नवसाच्या’ म्हणून पुढे निघालेल्या असतात.

टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा आहे. खरे तर अर्धाच. १८३५ मध्ये मठ बंद पडला, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग गेला. मालक परगावी, घराला कुलूप, आधी आढे आणि मग भिंत: मुंबईला स्थायिक झालेल्यांच्या घरांचा क्रम हाच. इथे मंडळी थोडी गप्प होतात.

शेवटी रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचे घुमटाचे सेंट कजेतान. त्याच्या बाजूला आदिलशाहाच्या वाड्याचे दार आहे. वाडा नाही, पायऱ्या, दोन खांब आणि वरचा दगड, एवढेच. सगळे ओळीने पायऱ्या चढतात, दारातून आत जातात, आत काहीच नसल्याने लगेच बाहेर येतात आणि जेवणाची चौकशी करतात.